सूर्यास्ताचं कोष्टक

श्यामसुंदर वाळिंबे चिडले नाहीत असा दिवस नारायण पेठेत सहसा जात नसे. दूधवाला चार मिनिटं उशिरा आला म्हणून, वर्तमानपत्राने चित्रात चंद्रकोर उलटी काढली म्हणून, बँकेतल्या पेनाची दोरी आखूड म्हणून. पण ते सगळं किरकोळ चिडणं होतं, चहा होईपर्यंत संपायचं. खरा राग त्यांना आलेला मी एकदाच पाहिला. तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते. तो राग अजून गेलेला नाही. माझाही गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी बिलकिस मोमीन. बिबवेवाडीत राहते, शाळेत भूगोल शिकवते. माझे वडील मन्सूर मोमीन हवामान खात्यात उपकरणं दुरुस्त करायचे. तापमापक, वायुभारमापक, कोन मोजायच्या दुर्बिणी, जे बिघडेल ते अब्बांच्या टेबलावर यायचं. वाळिंबेकाका त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर गणक होते. १९६० साली लागले, १९९८ साली निवृत्त झाले, आणि मधली अडतीस वर्षं त्यांनी मुख्यतः एकच काम केलं: कुठल्या गावी, कुठल्या दिवशी सूर्य किती वाजता उगवेल आणि किती वाजता मावळेल याची कोष्टकं तयार करणं. आधी लॉगच्या पुस्तकावरून हाताने, नंतर यंत्रावर, आणि यंत्र आल्यावरही पुन्हा एकदा हाताने. यंत्र चुकलं तर सांगणार कोण, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या घरातून सूर्यास्त दिसत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, पश्चिमेची खिडकी शेजारच्या इमारतीच्या जिन्यावर उघडते. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "काका, एवढी गणितं करता, मग बघायला कधी जाता का?"

"बघायचं काय त्यात? वेळेवर होतो की नाही, एवढंच मी विचारतो."

पण सरोजिनीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला आत बोलावून हळूच सांगितलं, की लग्न झाल्यापासून दर रविवारी हे मला पर्वतीवर नेतात, सूर्य टेकला की मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात, आणि मग आठवड्यात पहिल्यांदा हसतात.

२०१५च्या ऑक्टोबरात त्यांच्याकडे उल्का नावाची एक तरुण मुलगी आली. धायरीच्या मागे डोंगराची जी सोंड खडकवासल्याच्या पाण्याकडे उतरते, तिच्यावर 'अस्तरंग' नावाचं एक आलिशान निसर्गनिवास उभं राहत होतं. उल्का तिथली व्यवस्थापक होणार होती. खात्यातल्या कुणीतरी तिला काकांचं नाव सांगितलं होतं. अब्बा नेमके तेव्हा तिथे बसले होते, त्यामुळे हे बोलणं मला जसंच्या तसं माहीत आहे.

"सर, आमचा सगळा कॉन्सेप्टच सनसेट आहे. अकरा कॉटेजेस, सगळ्या वेस्ट-फेसिंग. गेस्टला रोज एक्झॅक्ट कळलं पाहिजे, आज सूर्य कुठे आणि किती वाजता."

"वर्तमानपत्रात छापून येतं. वाचत नाहीत का तुमचे पाहुणे?"

"ते पुण्याचं झालं, सर. आम्हाला आमच्या टेकडीचं हवंय."

काकांनी कप खाली ठेवला. अडतीस वर्षं त्यांनी जे कोष्टक केलं ते सपाट क्षितिजासाठीचं. समोर डोंगर असले की सूर्य आधीच लपतो. किती आधी, ते डोंगराच्या उंचीवर, आणि सूर्य रोज सरकतो म्हणून ते रोज बदलतं. पंचांगातला सूर्यास्त आणि त्या टेकडीवरचा सूर्यास्त यांत सहा-सात मिनिटांचा फरक निघणार होता. एकाच टेकडीसाठी वर्षभराचं कोष्टक करा, असं त्यांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

"मानधन नको," काका म्हणाले. "कोष्टकाखाली माझं नाव घाला. चूक निघाली तर कुणाची ते लोकांना कळलं पाहिजे."

अब्बांकडे खात्याच्या भंगारातून घेऊन त्यांनी स्वतः दुरुस्त केलेला थिओडोलाइट होता, म्हणजे तिपाईवर बसवायची कोन मोजायची दुर्बीण. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत हे दोघं म्हातारे आठवड्यातून तीनदा बसने धायरीला उतरायचे आणि पुढे डोंगर चढायचे. शनिवारी मी त्यांना गाडीने न्यायचे. अब्बा तिपाई धरायचे, काका दुर्बिणीला डोळा लावून आकडे सांगायचे, मी वहीत लिहून घ्यायचे. समोरच्या डोंगररांगेचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खिंड त्यांनी मोजली.

त्या सोंडेच्या पश्चिम उतारावर, निवासाच्या बरोबर खाली, सात घरांची वस्ती आहे. चिलारवाडी. पहिल्याच आठवड्यात तिथली एक बाई कमरेवर हात ठेवून आमच्यासमोर उभी राहिली.

"काय बघताय वं दादा दुर्बिणीतनं?"

"सूर्य कुठे बुडतो ते."

"मग मला इचारायचं. एवढं लोखंड कशाला वाहून आणलं?"

ती सरुबाई. पन्नाशीची, सडसडीत, आवाज असा की समोरच्या डोंगरावरून परत यावा. काकांनी तिची चेष्टा केली नाही. वही माझ्याकडून घेतली, स्वतः पेन काढलं आणि म्हणाले, "सांगा."

तिने हात लांब करून सांगितलं. आखाडात तो पार उजव्या अंगाला, पाण्याच्या पल्याड. दसऱ्याच्या सुमाराला सरळ समोर, त्या चपट्या डोंगरामागे. मग डावीकडे सरकत सरकत त्या दोन सुळक्यांच्या मधी. "संक्रांतीच्या आधी तीन-साडेतीन आठवडे तिथं थांबतो. चार-सा दीस जागचा हालत न्हाई. मग माघारी फिरतो."

काकांनी पेन थांबवलं. "मन्सूर," ते म्हणाले, "बावीस डिसेंबर. हिला बावीस डिसेंबर माहीत आहे."

पुढे कामाचे जितके दिवस झाले तितके दिवस सरुबाईने त्यांना ताक पाजलं. तिपाई तिच्या अंगणात लावायला जागा दिली. काका तिला 'सरुबाई, अहो' म्हणायचे आणि खात्यातल्या साहेबाला दाखवावेत तसे आकडे दाखवायचे. तिच्या खुणा त्यांनी दुर्बिणीतून तपासल्या. एकही खूण दोन दिवसांहून जास्त चुकली नाही.

"तुमास्नी हे कशाला लागतं?" तिने एकदा विचारलं.

"वर राहायला येतील त्यांना सांगायला. तुम्हाला कशाला लागतं?"

"त्यो बुडाया लागला की चूल पेटवायची. आन् काय?"

उन्हाळ्यात काकांनी कोष्टक पूर्ण केलं. तीनशे पासष्ट दिवस, प्रत्येक दिवसासमोर वेळ, मिनिटाच्या पावभागापर्यंत. सूर्यास्त सगळ्यात लवकर बावीस डिसेंबरला होत नाही, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होतो, हे त्यांनी तळटीपेत दोनदा लिहिलं, कारण लोक हमखास तिथे चुकतात. त्याच सुमाराला सरोजिनीकाकू न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि काका दीड वर्ष घराबाहेर फारसे पडले नाहीत. निवासाच्या उद्घाटनाला ते जाऊ शकले नाहीत. छापलेलं कोष्टक कुरिअरने घरी आलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'गणित: श्री. श्यामसुंदर वाळिंबे, निवृत्त, हवामान खाते, पुणे.' त्यांनी ते टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलं. कुणी आलं की काकू म्हणायच्या, "ते दाखवा ना." मग ते नाखुशीचा आव आणून दाखवायचे.

२०१७च्या डिसेंबरात उल्काने आम्हा तिघांना एका संध्याकाळी पाहुणे म्हणून बोलावलं. दोन तारीख, शनिवार. काकांनी इस्त्रीची पँट घातली होती, अब्बांनी शेरवानी घालायचा विचार केला होता तो मी हाणून पाडला.

निवास सुंदर होतं, हे मला मान्य करावं लागेल. लाकडी सज्जा असा पुढे काढलेला की पायाखाली काही नाही आणि समोर सगळी दरी, पाणी, डोंगर. गुबगुबीत खुर्च्या, प्रत्येक खुर्चीजवळ छोटं टेबल, कमरेला शाल गुंडाळलेले पाहुणे, हातात पेले. काशाची एक थाळी टांगली होती. सूर्य डोंगराला टेकायला पाच मिनिटं राहिली की ती वाजवायची, आणि मग कुणी बोलायचं नाही, असा तिथला नियम. उल्का आनंदाने सगळं सांगत होती. "सर, तुमच्या कोष्टकावर सगळं चालतं. अगदी सेकंदाला."

काका सज्ज्याच्या कठड्याशी उभे राहिले आणि खाली बघायला लागले. मीही बघितलं. साडेपाच झाले असतील. सात घरं होती तिथेच होती, पण एकाही घरातून धूर निघत नव्हता. दारं बंद. दोरीवर कपडा नाही, अंगणात शेळी नाही, माणूस नाही.

"वस्ती कुठे गेली?" काकांनी विचारलं.

"आहे ना, सर."

"दिसत नाही कुणी."

"सनसेट अवरला ते कोऑपरेट करतात," उल्का म्हणाली. "गेस्टचे फीडबॅक होते सुरुवातीला. धूर फ्रेममध्ये येतो, जनावरं ओरडतात. मग आम्ही टायमिंग ठरवून दिलं. खूप स्वीट लोक आहेत."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. वळले आणि कामगारांच्या पायवाटेने खाली उतरायला लागले. अब्बा त्यांच्या मागे, मी अब्बांच्या मागे.

वस्तीच्या तोंडाशी लोखंडी खांबावर पत्र्याची पाटी होती. तिच्यावर, प्लास्टिकच्या आवरणात, काकांचं कोष्टक. तेच, तारीखवार, मिनिटाच्या पावभागापर्यंत. वर ठळक अक्षरात: 'खालील वेळेच्या अर्धा तास आधी ते अर्धा तास नंतर चूल पेटवणे, धूर करणे, कपडे वाळत घालणे, जनावरे बाहेर काढणे, दिवे लावणे व अंगणात ये-जा करणे बंद राहील.' आणि अगदी खाली: गणित, श्री. श्यामसुंदर वाळिंबे.

काकांनी ते पूर्ण वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, प्रुफं तपासावीत तसं. त्यांचे कान लाल झाले होते. मग ते सरुबाईच्या दाराशी गेले आणि कडी वाजवली.

दार बोटभर उघडलं. आत अंधार होता. अंधारात एक तान्हं मूल किरकिरत होतं.

"कोण हाय? अजून येळ हाय की, आमी बाहीर आलो न्हाई," सरुबाई म्हणाली. मग तिने ओळखलं. "दादा? तुमी व्हय?"

ती बाहेर आली नाही. उंबऱ्याच्या आतूनच बोलली. सुनेला बारा दिवसांपूर्वी मुलगी झाली होती. बाळाला शेकायला निखारे नव्हते, बाळंतिणीला गरम पाणी नव्हतं. सव्वासहा-साडेसहापर्यंत थांबायचं, मग चूल. थंडीत तेवढ्यात काळोख होतो, डोंगरावरून वारा सुटतो.

"हे किती दिवस चाललंय?"

"झालं की वरीस."

"आणि तुम्ही ऐकता?" काकांचा आवाज चढला. सरुबाईवर का चढला ते त्यांनाही कळलं नसेल.

"न्हाई ऐकून काय करू? पूर्वी झरा हुता. त्यो त्यांच्या कुंपणात गेला. त्याच्या बदली नळ दिला. त्या नळाचं चाक वर हाय, त्यांच्या हातात. ऐकलं न्हाई की दुसऱ्या दिशी पानी बंद. माझा पोरगा वर बागकामाला हाय, शेजारचा बी हाय." ती थांबली. मग अजिबात न रागावता, नुसतं विचारावं तसं तिने विचारलं, "तुमीच लिवलंय न्हवं ते, दादा? वाचणारं म्हनत्यात, खाली तुमचं नाव हाय."

मी वाळिंबेकाकांना चाळीस वर्षं ओळखते. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, बहुधा तिरकं. त्या वेळी त्यांनी नुसत्या बाह्या वर सारल्या.

ते अंगणाच्या कडेला गेले. तिथे तीन दगडांची बाहेरची चूल होती, पाणी तापवायची. त्यांनी इस्त्रीच्या पँटचे गुडघे मातीत टेकले. भिंतीशी रचलेल्या गोवऱ्या एकेक करून लावल्या. अब्बांनी न सांगता काटक्या आणून दिल्या.

"दादा, नगा," सरुबाई आतून म्हणाली. "अवो नगा."

त्यांनी ऐकलं नाही. मला म्हणाले, "बिलकिस, काडेपेटी."

माझ्याकडे कुठली काडेपेटी. बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यातली मी घेतली. घ्यायला नको होती, हे आता कळतं. तेव्हा माझंही डोकं फिरलं होतं. वर थाळी वाजली, तिचा आवाज दरीभर घुमला, आणि त्या आवाजात काकांनी काडी ओढली. गोवऱ्या अर्ध्या ओल्या होत्या. जाळ धरेना, पण धूर धरला. पांढरा, दाट, अंगणातून सरळ वर, आणि मग वाऱ्याने तिरका होऊन नेमका त्या दोन सुळक्यांच्या आसपास लाल झालेल्या सूर्यासमोर. काका फुंकत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खोकला येत होता, तरी फुंकत राहिले. सज्ज्यावर माणसं उभी राहिलेली दिसत होती.

उल्का धावत खाली आली, मागे दोन रखवालदार.

"सर, प्लीज! काय करताय तुम्ही? वर गेस्ट आहेत!"

"पाणी तापवतोय," काका म्हणाले. "बाळंतिणीला लागतं. तुमच्या पाहुण्यांना कधी लागलं नसेल."

"सर, फक्त एका तासाचा प्रश्न आहे. आपण बसून बोलू."

"तास?" ते उठले. गुडघ्यांना माती, चेहऱ्यावर काजळी. "तास कुणाचा, ते सांगा. तुम्हाला मी सूर्य किती वाजता बुडतो ते सांगितलं होतं. तेवढ्या वेळात माणसांना कोंडून घाला असं मी कुठल्या रकान्यात लिहिलंय? दाखवा. पाटीवर दाखवा. नाव माझं आहे ना?"

"आम्ही कुणावर जबरदस्ती केलेली नाही, सर."

"नळाचं चाक कुणाच्या हातात आहे?"

एक रखवालदार पुढे झाला, त्याने बुटाने चूल विस्कटली. अब्बा, ज्यांनी आयुष्यात कुणाला मोठ्याने हाक मारली नाही, त्याच्या आडवे गेले आणि म्हणाले, "जूता उचल." तो मागे सरकला. तोवर सूर्य गेलाही होता. काकांनी घड्याळ पाहिलं नाही.

गाडीत आम्ही तिघंही तावातावाने बोलत होतो. मला वाटत होतं, केवढं मोठं काम करून आलो.

चौथ्या दिवशी सरुबाईचा फोन आला. नळ दुसऱ्या दिवशी सकाळी बंद झाला होता. मुलाला आणि शेजाऱ्याला कामावर येऊ नका म्हणून सांगितलं होतं. बायका डोंगर उतरून धायरीच्या वाटेवरून हंडे आणत होत्या. आम्ही रविवारी गेलो. या वेळी ती दाराबाहेर उभी होती.

"तुमी पेटिवली आन् तुमी गेला," ती काकांना म्हणाली. "तुमच्या घरी नळ हाय. म्या नगा म्हनलं हुतं का न्हाई? दोनदा म्हनलं. त्यांनी बी आमास्नी इचारलं न्हाई आन् तुमी बी न्हाई. त्यांचं त्यांच्या खुर्चीसाठनं, तुमचं तुमच्या नावासाठनं. आमच्यासाठनं कुनी केलं ते सांगा."

अब्बा खाली बघत होते. मला वाटलं काका उलट बोलतील.

"चुकलं माझं," ते म्हणाले. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी तोवर ऐकले नव्हते. मग त्यांनी विचारलं, "सरुबाई, काय करू? तुम्ही सांगा."

"पानी आना," ती म्हणाली. "त्यांचं नगं. आमचं."

त्यानंतर चौदा महिने. त्या चौदा महिन्यांचा मला इतका संताप येतो की सलग सांगताही येत नाही. आधी काकांनी 'अस्तरंग'ला पत्र लिहिलं की माझं कोष्टक काढून टाका. त्यांचं उत्तर आलं, नाव काढतो, वेळा राहतील, वेळेवर कुणाची मालकी नसते. आणि खरंच पाटीवरचं नाव पांढऱ्या रंगाने पुसलं, बाकी सगळं तसंच. नळ पंधरा दिवसांनी सुरू केला, तेव्हा वस्तीला सातच्या सात घरांचे अंगठे 'वेळा पाळू' अशा एका कागदावर द्यावे लागले. पाणी हवं होतं. दिले.

मग कचेऱ्या. वस्तीला गावाच्या डोंगरावरच्या टाकीवरून स्वतंत्र नळ मिळावा, एवढाच अर्ज. काका आणि अब्बा सकाळी दहाला जाऊन बाकड्यावर बसायचे. साहेब दौऱ्यावर. साहेब बैठकीत. फाईल दुसऱ्या टेबलावर. एकदा एका कारकुनाने विचारलं, "आजोबा, तुमचं त्या वस्तीत कोण आहे?" काका म्हणाले, "कुणी नाही. तुमचं या खुर्चीत कोण आहे? असेल तर बोलवा, काम त्याच्याकडून करून घेतो."

शेवटी एक अभियंता भेटला, त्याने नकाशा न बघता सांगितलं, "तिथे पाणी चढणार नाही."

त्या दिवशी घरी आल्यावर काका म्हणाले, "मन्सूर, तिपाई काढ."

अब्बांच्या गुडघ्यांत तेव्हा वंगण उरलं नव्हतं. तरी ते दोघं पुन्हा डोंगरावर गेले, आणि या वेळी सूर्याकडे पाठ करून त्यांनी जमीन मोजली. गावाच्या टाकीपासून वस्तीपर्यंत, दर पन्नास पावलांवर एक आकडा. सरुबाईचा मुलगा मोजपट्टीची काठी धरून पुढे चालायचा, अब्बा त्याच्यावर खेकसायचे की काठी सरळ धर. एप्रिलचं ऊन होतं. काकांनी उतारांचा नकाशा काढला आणि अभियंत्याच्या टेबलावर पसरला.

"पाणी चढवायचं नाहीये," ते म्हणाले. "उतरवायचं आहे. टाकी वर आहे, वस्ती अकरा मीटर खाली आहे. सव्वा अकरा म्हणणार होतो, पण तुम्हाला पाव मीटर सूट दिली. पाणी उतारावरून खाली जातं, हे तुमच्या परवानगीने होतं की आपोआप?"

अभियंत्याने नकाशा बघितला. बराच वेळ बघितला. वाईट माणूस नव्हता, नुसता आळशी होता. त्यानंतरही दहा महिने लागले, पण ती पाइपलाइन काकांच्या नकाशावरूनच टाकली गेली.

२०१९च्या फेब्रुवारीत वस्तीचा नळ आला. सरुबाईने पाटी उखडली. पत्रा चांगला होता, तिने तो शेळ्यांच्या छपरावर टाकला, लिहिलेली बाजू आत. आता वस्तीत पाहिजे तेव्हा चुली पेटतात. वरच्यांनी वस्ती झाकायला बांबूची दाट रांग लावून बघितली, ती वाढेना. मग वर्षभराने त्यांची नवी जाहिरात आली. मी ती काकांना दाखवायला नको होती. सज्जा, पेले, समोर लाल सूर्य, आणि खाली ओळ: 'गावातल्या चुलींच्या धुरातून उतरणारी अस्सल मराठमोळी संध्याकाळ.' काकांनी चष्मा काढून ती वाचली, पुन्हा घालून वाचली, आणि वर्तमानपत्राच्या चार घड्या करून भाजीच्या कचऱ्यात टाकली. दिवसभर जेवले नाहीत. काकूंनी समजावलं, "अहो, काम झालं ना?" ते म्हणाले, "झालं ते पाणी. लाज कुठे आली?"

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. मधल्या काळात उल्काने ती नोकरी सोडली. का सोडली ते मला माहीत नाही. गेल्या महिन्यात ती नारायण पेठेत आली, मी नेमकी तिथेच होते. काकांनी आतलं दार उघडलं, जाळीचं दार उघडलं नाही. ती जाळीपलीकडे उभी राहून बोलत होती. तेव्हा मला कळत नव्हतं, सर. वरून प्रेशर होतं, सर. मला तुमची माफी मागायची होती. बोलता बोलता ती रडायला लागली. मला क्षणभर तिची दया आली, ते मी इथे लिहून ठेवते, कारण खोटं लिहायचं नाही.

काकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"माझी कशाला?" ते म्हणाले. "मी रोज वेळेवर जेवत होतो. धायरीची बस मंडईतून सुटते. शेवटच्या थांब्याला उतरायचं आणि पुढे चालायचं, पाऊण तास लागतो. सरुबाई म्हणून विचारा, कुणीही घर दाखवेल. जाताना दुपारी जा. संध्याकाळी त्यांना कामं असतात."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.

परवा मी सरुबाईला फोनवर विचारलं. अजून तरी कुणी आलेलं नाही.